पाटणच्या माथाड्याने पाहिलेली मुंबई

मुंबईच्या फोर्ट भागात आज किल्ला शोधायला गेले तर हाती फारसे काही लागत नाही. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६०च्या दशकात, तटबंदी पाडली गेली, खंदक बुजवले गेले आणि मुख्यतः नावच मागे उरले. जुने मुंबईकर या भागाला 'कोट' म्हणत. आज येथे येणारा पर्यटक वास्तू पाहतो, छायाचित्रे काढतो आणि गेटवेवर दिवस संपवतो. हा थ्रेड त्याच वाटेचा आहे. मात्र ती वाट येथे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याच्या एका माणसाच्या पावलांनी चालायची आहे.

ही गोष्ट गेटवे ऑफ इंडियाला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या, म्हणजे २०२४च्या डिसेंबरातील एका रविवारची. पाटणकडचे एक माथाडी कामगार साठी गाठून निवृत्त झाले होते आणि चार दिवसांत कायमचे गावी परतणार होते. १९८२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते मशीद बंदरच्या बाजारात पोती वाहायला आले. पुढे घाऊक बाजार नवी मुंबईत गेला तसे तेही तुर्भ्याला गेले. बेचाळीस वर्षे शहरात काढूनही ही मुंबई त्यांनी कधी सावकाश पाहिली नव्हती. इतिहासाचा नाद असलेल्या पुतण्याने हट्टच धरला : "तात्या, जायच्या आधी एक दुपार माझ्याबरोबर चला."

चालणे सुरू झाले ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची ही वास्तू १८८७ साली पूर्ण झाली. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, तो ब्रिटनचा. दुसरीकडे वाघ, तो हिंदुस्थानचा. तात्यांनी दोन्ही पाहिले आणि पुढे चालू लागले. स्टेशन त्यांना नवे नव्हते.

हुतात्मा चौकात मात्र ते थांबले. फ्लोरा देवीचे कारंजे १८६४चे. किल्ल्याचा 'चर्चगेट' नावाचा दरवाजा जेथे होता, तेथेच ते उभे आहे. दरवाजा गेला आणि त्याचे नाव पुढे रेल्वे स्थानकाला मिळाले. शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला होता. स्मारकावर शेतकरी आणि कामगार मशाल उंचावून उभे आहेत. पुतण्या तारखा सांगत राहिला, तात्या कामगाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कामगार हाय खरा. पण ह्येच्या डोक्यावर कायच न्हाई."

हा शेरा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. 'माथाडी' हा शब्दच माथ्यावरून आला आहे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पोते, हातात लोखंडी आकडा. व्यापाराच्या मुंबईचा सारा डोलारा अशा डोक्यांवर उभा राहिला, पण फोर्टच्या दगडी शिल्पांत ते डोके शोधावे लागते.

ते शोधण्याची योग्य जागा म्हणजे हॉर्निमन सर्कलची बाग. ही वर्तुळाकार बाग आज शांत, सावलीची वाटते. पण येथे पूर्वी 'बॉम्बे ग्रीन' नावाचे उघडे मैदान होते आणि त्यावर कापसाच्या गासड्यांचे ढीग रचले जात. पुढे कापसाचा व्यवहार कुलाब्याला आणि नंतर शिवडीकडे हलला. हार्बर मार्गावरील 'कॉटन ग्रीन' स्थानक त्याची आठवण वागवते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. या मोकळ्या जागेभोवती कमानींच्या डौलदार इमारती उभ्या राहून १८७२च्या सुमारास 'एल्फिन्स्टन सर्कल' तयार झाले. स्वातंत्र्यानंतर त्याला 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले. हिंदी जनतेची बाजू घेतली म्हणून या इंग्रज माणसाला सरकारने १९१९ साली हद्दपार केले होते.

दलालांची, संपादकांची, गव्हर्नरांची नावे सापडतात. गासड्या वाहणाऱ्यांची सापडत नाहीत. पुतण्याने हे बोलून दाखवले तेव्हा तात्या बाकावर टेकत म्हणाले, "आमची नावं बोर्डात हायत की."

माथाडी बोर्डाविषयी येथे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण पर्यटनाच्या पुस्तकांत ते येत नाही. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे येथे १९३३ साली जन्मलेले अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईतील हमालांची संघटना बांधली. तोवर हा माणूस कोणाचाच नोकर नव्हता. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. काम असेल त्या दिवशी मजुरी. पाठ मोडली तर गाव. १९६९च्या माथाडी कायद्याने हे चित्र बदलले. कामगार आणि मालक या दोघांनी बोर्डाकडे नोंदणी करायची, मजुरी बोर्डामार्फत द्यायची आणि तिच्यावरची ठरावीक रक्कम भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान यांसाठी मालकाने बोर्डाकडे भरायची. अनेक मालक असलेल्या असंघटित मजुराला हक्काचा पगार मिळवून देणारा हा कायदा त्या काळाच्या पुष्कळ पुढे होता. २३ मार्च १९८२ रोजी अण्णासाहेबांनी स्वतःचे जीवन संपवले. मराठा आरक्षणासाठी काढलेल्या त्यांच्या मोर्चाला तेव्हा एकच दिवस झाला होता. तात्या मुंबईत आले ते त्याच वर्षी. नेता त्यांनी पाहिला नाही. नोंदणीचे पुस्तक मात्र आयुष्यभर सांभाळले.

बागेसमोर टाउन हॉल, म्हणजे आजची एशियाटिक सोसायटी. वास्तू १८३३ची, पायऱ्या तीस. तात्या त्या न थांबता चढले आणि वर गेल्यावर त्यांनी सवयीने मान चोळली. "रिकामं चढायचं म्हंजी कायच न्हाई," ते म्हणाले.

तेथून परत पश्चिमेला ओव्हल मैदानावर आल्यावर ऊन कलले होते. आझाद, क्रॉस, ओव्हल ही मैदाने हौसेने राखलेल्या बागा आहेत असा समज होतो. वास्तविक त्यांचे मूळ युद्धशास्त्रात आहे. शत्रूला आडोसा मिळू नये आणि तोफांना मोकळा मारा करता यावा, म्हणून तटाबाहेरचा पट्टा इंग्रजांनी मुद्दाम रिकामा ठेवला होता. तोफा गेल्या, क्रिकेट आले. एका बाजूला १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर. कापसाच्या तेजीतील मोठे सटोडिये प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला. दुसऱ्या बाजूला १९३०च्या दशकापासूनच्या आर्ट डेको इमारती. २०१८ साली हा सारा परिसर जागतिक वारशात गेला.

दिवे लागू लागले तसे तात्या गप्प झाले. त्याला कारण होते. कोयना महाबळेश्वरी उगम पावते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि पाटणवरून कराडला कृष्णेला मिळते. हेळवाकजवळच्या धरणाने तिचे पाणी अडवले आणि त्यातला मोठा वाटा सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहाकडे पाठवला. वीज झाली, कारखाने चालले. शिवसागराखाली जावळी-पाटणच्या खोऱ्यातील गावे गेली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. धक्का मुंबईपर्यंत जाणवला आणि कोयनेची वीज थांबताच येथील उद्योगही थबकले. तात्या तेव्हा तीन वर्षांचे होते. भिंत पडली ती त्यांना आठवत नाही. त्यानंतरच्या पत्र्याच्या शेडमधले थंडीचे दिवस तेवढे आठवतात.

गेटवेपाशी ते पोचले तेव्हा गर्दी उसळली होती. १९११ साली पंचम जॉर्ज आले तेव्हा ही कमान नव्हतीच; त्यांचे स्वागत पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीपुढे झाले. जॉर्ज विटेट यांची दगडी कमान १९२४ साली खुली झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी तिच्याखालून निघून गेली. समोरच्या बागेत पूर्वी त्याच राजाचा पुतळा होता. २६ जानेवारी १९६१ रोजी तेथे शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. त्यासाठी पुढाकार घेणाऱ्यांत पाटणचे लोकनेते बाळासाहेब देसाई होते.

पुतण्याने हे सांगताच तात्यांनी टोपी काढून पुतळ्याला नमस्कार केला. मग कमानीकडे वळून बराच वेळ तिचे दगड न्याहाळले.

"येवढं दगूड कुणी वाहिलं आसतील रं?"

पुतण्याकडे विटेटचे नाव होते, साल होते, दगडाची जातही ठाऊक होती. तो पायथ्याच्या चिऱ्यावर हात ठेवून उभा राहिला.

"चल," तात्या म्हणाले, "दादरहून रातची गाडी धरायची हाय तुला."