पान पुढं गेलंय

४ जुलै २०१५ला शनिवार होता. पाऊस उघडला होता आणि आमच्या अंगणात दोन गुरुजी उभे होते. एकाच्या हातात याद्या, दुसऱ्याकडे निवडणुकीला लावतात तशी शाई. त्या एका दिवसात राज्यभर शाळाबाह्य मुलांची मोजणी चालली होती. माझी थोरली तेव्हा सात वर्षांची, धाकटा पाच पूर्ण व्हायला महिना होता.

"शाळा कुठली?" गुरुजींनी विचारलं.

"घरीच शिकतात," मी म्हटलं. हे वाक्य मी आरशासमोर घोटलेलं होतं. तरी ते बाहेर पडलं चोरी पकडल्यासारखंच.

गुरुजींनी कागदाकडे पाहिलं, मग ओसरीवर बसलेल्या सासूबाईंकडे. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. आत्या म्हणाल्या, "लिवा काय लिवायचंय ते. च्या घेऊन जावा." धाकट्याच्या बोटाला शाई लागली तेव्हा त्याला कोण आनंद झाला! दिवसभर तो बोट वर करून "मी मत दिलं, मी मत दिलं" करत हिंडला. मला मात्र रात्री झोप लागली नाही. ती मोजणी होती पालावरच्या, रस्त्यावरच्या, कामाला जुंपलेल्या मुलांसाठी. त्यांना शाळा मिळत नव्हती. मिळालेली शाळा सोडून आलेली आम्ही माणसं त्याच यादीत जाऊन बसलो होतो, याची लाज वाटली. ती अजून पुरती गेलेली नाही.

आम्ही पुण्याहून वर्षभरापूर्वी गावी आलो होतो. वाईहून धोमकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर, थोडी शेती, त्यात हळद. नवऱ्याला नोकरीचा उबग आला होता. थोरली पुण्यातल्या शाळेतून घरी आली की संध्याकाळपर्यंत बोलायची नाही, एवढं कारण मला पुरेसं होतं. शाळा वाईट होती असं मी म्हणणार नाही. एका वर्गात पन्नास मुलं होती आणि त्यात माझी एक गप्प होती, इतकंच. कायदा मी वाचून काढला होता. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०ला. त्यात घरी शिकवण्याबद्दल सरळ होकार नाही की सरळ नकार नाही. या फटीत आम्ही बिऱ्हाड मांडलं.

पाहुणे यायचे ते सरळ मुद्द्यावर. वाईसारख्या विद्येच्या गावाजवळ राहायचं आणि पोरं घरी ठेवायची? मग मी तर्कतीर्थांचा दाखला काढायचे. ज्यांच्या हाताखाली मराठी विश्वकोश याच वाईत उभा राहिला, त्या लक्ष्मणशास्त्री जोशींचं शिक्षण कुठल्या हायस्कुलात झालं, सांगा. प्राज्ञपाठशाळेत शिकले आणि १९२३ला कलकत्त्याहून तर्कतीर्थ झाले. पाहुणे गप्प बसायचे. प्राज्ञपाठशाळा हीसुद्धा शाळाच होती, आणि चांगली कडक, हे मी सोयीनं गाळायचे.

पहिल्या महिन्यात मी वेळापत्रक केलं. नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा मराठी, मग इंग्रजी, परिसर. रंगीत काढून वाईला नेऊन लॅमिनेट करून आणलं आणि भिंतीला लावलं. तीन आठवडे टिकलं. नऊला धाकट्याला शी लागायची, साडेनऊला शेळी सुटायची, दहाला थोरली म्हणायची, "आई, आज मला शिकायचं नाहीये, मला जगायचंय." (हे ती कुठून शिकली, देव जाणे.) मी ओरडायचे, ती रडायची, मी रडायचे. शेवटी एप्रिलात आत्यांनी ते वेळापत्रक भिंतीवरून काढलं आणि त्याच्या पाठीवर कुरडया घातल्या. म्हणाल्या, "बेस गुळगुळीत हाय. चिकटत न्हाई."

आमच्याकडे जानेवारी ते मार्च हळदीचं राज्य. काढणी, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करणं, शिजवणं, वाळवणं, मग ड्रममध्ये घालून पॉलिश. पूर्वी कायलीत शिजवायचे, आता बॉयलर भाड्यानं येतो आणि त्याचे पैसे तासावर मोजायचे असल्यानं घरात कुणाला उसंत नसते. त्या दिवसांत मी शिकवणं सोडून द्यायचे आणि अपराधी वाटून घ्यायचे. एका वर्षी थोरलीनं आजीला विचारलं, "एवढी हळद काढली, मग पोती एवढीच कशी?" शंभर किलो ओली हळद शिजून वाळली की वीसेक किलो उरते. तिला हे पटेना. तिनं पाच किलो ओली हळकुंडं वेगळी मोजून घेतली, शिजवून घेतली, स्वतंत्र गोणपाटावर वाळत टाकली, रोज वजन केलं, कोळशानं भिंतीवर आकडे लिहिले. पंधरा-सोळा दिवसांनी काटा किलोच्या जरा खाली थांबला. शेकडेवारी तिला त्या भिंतीवर आली. मी पुस्तकातून दोनदा शिकवली होती, तेव्हा आली नव्हती. माझ्या दोनदा शिकवण्याचा त्यात काही वाटा असेल का, हा हिशेब मी आता सोडून दिलाय.

तीच हळद तिच्या फ्रॉकला लागली, आत्यांनी साबण लावला आणि डाग लालभडक झाला. पोरगी किंचाळली. तिला वाटलं रक्तच आलं. आत्या हसत सुटल्या. "अगं, कुक्कू असंच करत्यात. हळदीला चुना लागला का लाल." मग काय, दोन दिवस ओसरीची प्रयोगशाळा झाली. हळदीच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवल्या. ताक, लिंबू, राखेचं पाणी, खायचा सोडा, सगळं तपासलं. आधी आत्यांचा विरोध होता, "कुक्कवाशी खेळायचं न्हाई." दुपारी बघते तर स्वतःच्या चंचीतला चुना पोरांना काढून देताहेत आणि पट्टी लाल झाली की पोरांच्या आधी टाळी वाजवताहेत. संध्याकाळी त्याच हातानं त्यांनी देवीला कुंकू वाहिलं. थोरली शेजारी उभी होती. "आज्जी, म्हणजे देवीला आपण हळदच लावतो, दोनदा." आत्या म्हणाल्या, "व्हय. येकदा पिवळी, येकदा तांबडी." त्यांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला होता. मला वाटत होतं, श्रद्धा आणि विज्ञान यांचा झगडा आता मला मुलांना समजावून सांगावा लागेल. कुणी मागितलाच नाही.

असंच मेणवलीला झालं. नाना फडणवीसांच्या वाड्यामागं कृष्णेचा घाट, घाटावर मेणेश्वर, आणि तिथं टांगलेली ती मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ला वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक. घंटेवर १७०७ साल आहे. औरंगजेब मेला तेच साल, हे थोरलीनं लगेच ओळखलं आणि ही घंटा वसईत बत्तीस वर्षं वाजली असेल, असा हिशेबही केला. घंटेवर मेरी आणि तिच्या कडेवरचा बाळ येशू आहे. मी इतिहास सांगायला तोंड उघडलं, तोवर आत्यांनी मूर्तीवर हात फिरवून तो कपाळाला लावला होता. "आज्जी, हा आपला देव नाही," धाकटा म्हणाला. "आई हाय न्हवं? लेकरू हाय न्हवं? मग?" आणि त्या पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेल्या.

इतकं वाचून कुणाला वाटेल, काय सोन्याचे दिवस! म्हणून आता धाकट्याबद्दल लिहिते.

थोरली एसटीच्या पाट्या वाचत वाचत पाच वर्षांची असतानाच वाचायला लागली होती. धाकटा सहाचा झाला, सातचा झाला, अक्षराकडे बघायलाही तयार नव्हता. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून कुणाचा ते सांगायचा, हळदीवरचा करपा दुरून ओळखायचा, पण 'ब' आणि 'व' एकच. मी पाट्या केल्या, वाळूत गिरवलं, गाणी म्हटली, लालूच दाखवली. मोठमोठ्या शिक्षणतज्ज्ञांची पुस्तकं उशाशी होती. प्रत्येक मूल आपल्या गतीनं शिकतं, हे त्यांत अधोरेखित केलेलं होतं, माझ्याच पेनानं. आणि तो आठ वर्षांचा असताना एका दुपारी, 'कमळ' हा शब्द अकराव्यांदा चुकल्यावर, मी त्याला मारलं. एक फटका नाही, तीन. शाळेतल्या मारापासून मुलं वाचवली असं चारचौघांत सांगणारी मी.

आत्या काही बोलल्या नाहीत. धाकट्याला घेऊन गोठ्याकडे गेल्या. रात्री मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "याला शाळेत घालू या. माझ्यानं होत नाही." त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "घाल की. पर तुझ्या भ्यानं घालू नगंस. त्याला जावं वाटलं तर घाल." त्याला विचारलं. तो म्हणाला, "हळद झाल्यावर बघू." मी अक्षरांच्या पाट्या माळ्यावर टाकल्या. हा भरवसा होता असं म्हणणं खोटं ठरेल. मी थकले होते.

आमच्या घरी दिवेलागणीला हरिपाठ होतो. आत्या मांडीवर पोथी घेऊन बसतात, धाकटा त्यांना टेकून, थोरली टाळ घेऊन. मी स्वयंपाकघरातून कान देते. बसते फक्त एकादशीला. देव आहे की नाही, या प्रश्नावर माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं. पण पोळ्या लाटताना बाहेरून तो ठेका आला नाही, तर लाटणं अडतं. मुलांना हरिपाठ कधी पाठ झाला, कुणाला कळलं नाही. आमच्या पोथीत सत्तावीस अभंग आहेत, शेजारच्यांच्या पोथीत अठ्ठावीस. यावरून थोरली आणि शेजारचे अण्णा यांच्यात एकदा तासभर वाद झाला होता.

२०१९च्या श्रावणातली गोष्ट. पाऊस कोसळत होता, वीज गेलेली, समईच्या उजेडात हरिपाठ चालू. मध्येच धाकट्याचा आवाज आला, "आज्जी, थांब. तुझं पान पुढं गेलंय."

ठेका थांबला. मी पिठाच्या हातानं दारात आले. धाकटा पोथीवर बोट ठेवून बसला होता. "तू म्हणतीयास ते इथं न्हाई. ते मागच्या पानावर हाय. हे बघ," असं म्हणून त्यानं पान मागं उलटलं आणि बोट सरकवत एक-एक शब्द दाखवला. त्याचा नववा वाढदिवस होऊन आठवडाही झाला नव्हता.

पोरगा वाचतोय, एवढंच मला दिसत होतं. माझे डोळे भरून आले. आणि त्याच क्षणी आत्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. त्या पोथीकडे बघत होत्या, ओशाळं हसत होत्या. "मला कुटं वाचाय येतंय बाबा," त्या म्हणाल्या. "ऐकून ऐकून पाठ हाय. पान आपलं अदमासानं उलटती."

लग्न होऊन मला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. आत्या सही करतात, बाजाराचा हिशेब तोंडी करतात, रोज पोथी घेऊन बसतात. त्यांना वाचता येत नाही, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मुलं शिकत नाहीत म्हणून मी रोज ज्यांच्यापाशी रडत होते, त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही किती शिकलात. "आमच्या वक्ताला पोरींना कुटली साळा," एवढंच त्या म्हणाल्या आणि अडलेल्या ओळीपासून पुन्हा सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी उत्साहानं म्हटलं, आत्या, मी तुम्हाला शिकवते. त्यांनी हात जोडले. "नगं बाई. तू शिकवतीस ते मी बघितलंय."

तेव्हापासून पान उलटायचं काम धाकट्याकडे आहे.

मग टाळेबंदी आली आणि सगळ्या राज्याची मुलं घरी बसली, तेव्हा मला फोन यायला लागले, तुम्ही कसं करता म्हणून. मी सांगत असे, कुरडया घाला. कुणाला कळत नसे. त्याच काळात थोरलीनं जाहीर केलं की तिला शाळेत जायचंय. मैत्रिणी हव्यात, खो-खो हवा, बाई हव्यात. मला वर्मी लागलं. सात वर्षांचा निकाल लागला आणि मी नापास झाले, असं वाटलं. आत्यांना म्हटलं तर त्या उलट मलाच, "जाऊ दे की. शाळा काय तुझी सवत हाय व्हय?" वयानुसार आठवीत प्रवेश मिळाला, त्याच कायद्यानं, ज्याच्या फटीत आम्ही राहत होतो. ऑक्टोबर २०२१मध्ये शाळा प्रत्यक्ष उघडली. ती पहिल्या दिवशी सायकलवरून गेली आणि संध्याकाळी परत आली ती बोलतच. रात्री जेवताना, हात धुताना, अंथरुणात शिरल्यावरही बोलत होती. बाई किती चिडतात, डबा कुणी खाल्ला, कवायतीत कोण पडलं. मी अंधारात ऐकत पडले होते. पुण्यातली ती गप्प मुलगी मला आठवत होती.

दहावी तिनं मार्च २०२४ला शाळेतून दिली. धाकटा घरीच राहिला. मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएस या राष्ट्रीय संस्थेतून, चौदा पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं. त्याला २०२४च्या ऑगस्टात चौदा पूर्ण झाली. परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिलच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुमारास. मी एप्रिल म्हणत होते. त्यानं ऑक्टोबर ठरवलीय. एप्रिलपर्यंत हळद आवरत नाही, म्हणतो.