अकरा सेकंद, एकवीस फ्रेम

यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत आप्पांची बारी, म्हणजे त्यांच्या गाड्याची धाव, बारा सेकंदांच्या आतच बसली होती! आप्पा म्हणजे आमचे चुलते, एवढी वर्षं हेच सांगत आले. घाटावर, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, पुकारलं होतं पूर्ण बारा सेकंद, आणि आप्पांचं एकच म्हणणं, 'बारा नव्हे, अकराच्या घरातली बारी ती.' काल रात्री घोडेगावच्या घरी मी त्या यात्रेची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली. आयुष्यात पहिल्यांदा. अजून झोप आलेली नाही, म्हणून लगेच लिहायला बसलोय.

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत कॅमेरा होता आणि सहा मिनी-डीव्ही कॅसेटी. काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या, एकेक तासाभराची. बॅटरी मेलेली, पण ॲडॉप्टर लावल्यावर दिवा लागला. भीमाशंकरच्या बाजूचा पावसाळा कॅसेटींना सोसत नाही, म्हणून प्रत्येकीची पट्टी उजेडात धरून पाहिली. पांढरी बुरशी दिसली असती तर कॅमेऱ्यात घातलीच नसती, कारण ती बुरशी थेट हेडला जाऊन बसते. सहाही स्वच्छ निघाल्या.

पण चित्र कॉम्प्युटरपर्यंत न्यायचं कसं? यूएसबीची वायर लावली, तर मेमरी कार्डावरचे चार फोटो तेवढे आले. मग रबरी झाकणाखाली आणखी एक बारीक खाच सापडली, तिच्यावर 'डीव्ही' लिहिलेलं. मंचरचा माझा मित्र पूर्वी लग्नांचं शूटिंग करायचा. त्याला फोन लावला, तर तो ओरडलाच, "अरे, फायरवायर ती! आताच्या लॅपटॉपला नसते. माझा जुना कॉम्प्युटर पडून आहे, घेऊन जा." वायर पुण्याला तपकीर गल्लीत मिळाली. एका टोकाला चार पिना, ते कॅमेऱ्याला. दुसऱ्याला सहा, ते कॉम्प्युटरला. मित्राने आणखी दोन गोष्टी बजावल्या. कॅसेटच्या पाठीवरची खिट्टी 'सेव्ह'कडे सरकव, म्हणजे चुकून वर दुसरं काही टेप होणार नाही. आणि आधी कॅसेट शेवटपर्यंत पळवून परत मागे आण, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेली पट्टी मोकळी होते.

मी कॉम्प्युटरवर माऊसने 'प्ले' दाबलं आणि टेबलावरचा कॅमेरा आपला आपण गुरगुरायला लागला! त्याला हातही लावला नव्हता. चित्र ज्या वायरीतून येतं, त्याच वायरीतून हुकूम जातो. थांब म्हटलं की थांबतो, मागे ये म्हटलं की येतो.

आणि जे येतं ते काय असतं, हे कळल्यावर तर मी खुर्चीतून उठलोच. मला वाटलं होतं, जुन्या चित्राची नक्कल होणार, थोडी फिकी, थोडी धूसर. तसं नाहीच! मिनी-डीव्हीच्या पट्टीवर चित्र आकड्यांतच लिहिलेलं असतं. कॅमेऱ्यातला इवलासा ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेत जेमतेम ६.३५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर तिरप्या रेघा ओढत जातो. एकेक रेघ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, एका फ्रेमला अशा १२, सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे सेकंदाला ३०० रेघा! फायरवायर तेच आकडे जसेच्या तसे उचलते. त्या दिवशी घाटावर जे टेप झालं, तेच माझ्या हार्डडिस्कवर आलं. तासाभराच्या कॅसेटचे सुमारे १३ जीबी झाले. दोन ठिकाणी चित्राचे चौकोन तुटले, बाकी सगळं लख्ख.

तासाच्या कॅसेटला तासच लागतो, घाई चालत नाही. म्हणून आम्ही सगळे बसून बघत होतो. भंडारा उधळलेला, माणसं डोंगरउतारावर दाटीवाटीने बसलेली, माईकवर 'भिर्रर्र' झालं की सगळा घाट उठून उभा. चार बैल, पुढे घोडी. २०१४ साली या शर्यतींवर सुप्रीम कोर्टाची बंदी आली आणि २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळेपर्यंत आमच्या जुन्नर-आंबेगावातले घाट ओस पडले होते. ही कॅसेट त्याच्या कितीतरी आधीची. किती? तेही पट्टीनेच सांगितलं! चित्रात तारीख दिसत नाही, पण आकड्यांच्या आत प्रत्येक फ्रेमबरोबर ती लिहिलेली असते. प्रोग्रॅमने फाइलींना नावंच तशी दिली: एप्रिल २००६, सकाळचे साडेदहा.

आणि मग आमच्या गाड्याची बारी आली. कॅमेरा बांधावर, एकाच चौकटीत सुरुवातीची खालची रेघही आणि शेवटची वरचीही. मी चित्र थांबवलं. पुढच्या जोडीचा खूर खालच्या रेघेवर पडला ती फ्रेम लिहून घेतली, आणि एकेक फ्रेम सरकवत वरच्या रेघेपर्यंत गेलो. मधे २९६ फ्रेम. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. अकरा सेकंद आणि वर एकवीस फ्रेम, म्हणजे ११.८४! एखादी फ्रेम इकडेतिकडे धरली, तरी बाराला बारी पोचत नाही.

आप्पांनी चष्मा पुसला. "परत मोज," म्हणाले. परत मोजलं. २९६.

"आता सावकाश दाखव. एकेक."

रात्री दोन वाजता आप्पा स्वतः बाण दाबत एकेक फ्रेम पुढे नेत होते, आणि प्रत्येक फ्रेममध्ये कुठल्या बैलाचा कुठला पाय वर आहे, ते मला बोट ठेवून सांगत होते. पेटीत अजून पाच कॅसेटी आहेत. एकीवर आप्पांच्याच अक्षरात 'घाट, दुसरा दिवस' लिहिलंय. ती कॅमेऱ्यात घालूनच हे लिहिलं, आत्ता ती शेवटपर्यंत पळून मागे फिरतेय.