आता माळ्यावर नाही!

लेखांचं थकलेलं मानधन एकदाचं खात्यात पडलं आणि मी पुण्याची एसटी पकडली. गिटार घ्यायला! (२०२४मध्ये आमच्या गावाचं नाव अहिल्यानगर झालं, तरी परतीचं तिकीट तोंडातून ‘नगर’ म्हणूनच निघतं.)

कॉलेजात असताना पहिली गिटार घेतली होती ती चक्क रंग बघून. स्टीलच्या तारा, बोटांना फोड, दोन महिन्यांत गिटार माळ्यावर. ‘आपल्याला काही जमत नाही बुवा,’ हे तेव्हापासून मनात पक्कं.

या वेळी क्लासिकलच हवी होती. तिच्या तारा नायलॉनच्या, ताण कमी. नेक रुंद, वरच्या टोकाला साधारण ५२ मिलिमीटर, म्हणजे बोटांना ऐसपैस जागा. दुकानात दोन गिटार मांडीवर घेऊन बघितल्या. पहिली सॉलिड स्प्रूस टॉपची. आवाज असा, की खाली ठेववेना! किंमतही तशीच. दुसरी लॅमिनेटेड, म्हणजे पातळ थर चिकटवलेली. आवाज जरा दबका. पण सॉलिड लाकूड कोरड्या हवेत आकसतं, तडकूही शकतं. आणि आमच्याकडचा एप्रिल म्हणजे नुसता फुफाटा! शिवाय लॅपटॉपचा हप्ता होताच. तारा नेकपासून फार उंच नाहीत ना, एवढं तपासलं आणि दुसरी घेतली.

घरी बाबा म्हणाले, “हीपण माळ्यावरच ना?”

मी गप्प. रात्री गॅलरीत अर्धा तास वाजवलं. बोटं लाल झाली, फोड मात्र नाही. म्हणजे तेव्हा मी नाही, गिटार चुकली होती.

आत बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.