पावतीपुस्तक कोणाच्या हाती?



मंडळाच्या दिवाळी अंकासाठी जाहिराती गोळा करायचं काम बरीच वर्षं आमच्याकडे होतं. शनिवारी सकाळी आम्ही उभयता पावतीपुस्तक घेऊन एडिसनच्या ओक ट्री रोडवर निघायचो. एका वर्षी नेहमीच्या किराणा दुकानातले भाई आम्हाला बघून म्हणाले, "ताई, पैसे तर दिले. तुमचा माणूस येऊन गेला." तो माणूस आमचा नव्हताच! मंडळाचं नाव सांगून पन्नास डॉलर घेऊन गेला होता. भाई रागावले नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांनी जाहिरात दिली नाही. तेच आम्हाला जास्त लागलं.

मग कार्यकारिणीने वार्तापत्राच्या शेवटच्या पानावर एक चौकट टाकली : 'मंडळाच्या जाहिराती फक्त पुढील व्यक्तींकडेच द्याव्यात.'

आता मंडळाची वेबसाइट आमच्याकडे आली आहे. हॉलच्या भाड्याला हातभार म्हणून तिच्यावर जाहिराती लावल्या, तर सूचना आली : 'अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी' ही फाइल नाही, उत्पन्न बुडू शकतं. घाबरून मुलाला फोन केला. तो हसला. "आई, ही तर तुमची चौकटच!"

आणि खरंच तसं आहे. वेबसाइटच्या मूळ पत्त्यावर ठेवलेला हा साधा मजकूर, कोणीही उघडून वाचावा असा. एका ओळीत एक विक्रेता : जाहिरात यंत्रणेचा पत्ता, तिथला खातेक्रमांक, आणि ते खातं आपलं स्वतःचं की मध्यस्थाचं. आयएबी टेक लॅब या संस्थेने ही पद्धत २०१७ साली आणली. कारण तेच, खोटं पावतीपुस्तक! त्याच वर्षी लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'ला आढळलं, की आपल्या नावाची खोटी जागा दहाहून अधिक जाहिरात-बाजारांत विकली जात आहे. तिची किंमत त्यांनी महिन्याला सुमारे दहा लाख पौंड धरली. एवढ्या मोठ्यांची ही गत, तिथे आपले भाई काय करणार?

अर्थात यादी लावली की संपलं असं नाही. विकत घेणाऱ्याने ती वाचायला हवी, आणि लावणाऱ्याने ताजी ठेवायला हवी. फाइल तयार झाल्यावर सहज आपलं वार्तापत्र काढून ती जुनी चौकट पाहिली. पाचांपैकी एक कुटुंब टेक्सासला गेलेलं, दुसरं पुण्याला परतलेलं. त्यांची नावं मात्र अजून तिथेच! उद्या त्या नावाने कोणी दुकानात गेलं, तर दोष कोणाचा?

म्हणून विनंती. या अंकात नवी चौकट आहे. आपल्या ओळखीच्या दुकानदारांना ती दाखवा, आणि चेक मंडळाच्याच नावाने द्यायला सांगा. भाईंकडे आम्ही स्वतः जाणार आहोत. जाहिरात मागायला नव्हे, यादी द्यायला.