देवळीतली कपबशी

तुमच्या जुन्या घरातला गोठा जरा डोळ्यांपुढे आणा. भिंतीला एखादी देवळी असेल. आमच्या गोठ्याच्या देवळीत कंदील असे, एरंडेलाची बाटली असे, खरारा असे आणि एक कपबशी असे. कपाचा कान तुटलेला होता. कान तुटला म्हणून ती बाहेर ठेवली असेल, असे मला वाटे. घरात कान तुटलेले आणखी दोन कप होते आणि ते चुलीजवळच्या फळीवर होते, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आले नाही.

बेंदराच्या आधी एक म्हातारा कासरे, म्होरक्या, वेसणी घेऊन यायचा. दोर असा वळायचा की दोन दोन वर्षे पीळ सुटत नसे. तो ती कपबशी आपल्या हाताने काढायचा, आजी वरून चहा ओतायची. पिऊन झाला की धुऊन पुन्हा देवळीत पालथी घालायचा. तो माझ्या आजोबांच्या वयाचा. मी आठ वर्षांचा, त्याला एकेरी हाक मारायचो आणि तो मला 'धाकलं मालक' म्हणायचा. माझ्या आजोबांना कुणी अरेतुरे केले असते तर मी दगड उचलला असता. इथे मला काहीच वाटत नसे. तुम्हांलाही वाटत नसेल, कारण तुमच्या गोठ्यातही अशीच एखादी कपबशी असणार.

1962 च्या जूनमध्ये मला पाचवीला कोल्हापूरला ठेवले. आत्याचे घर राजारामपुरीत होते. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज, त्यांच्या नावाची ही वस्ती. गल्ल्या सरळ आखलेल्या आणि त्यांना नावे नाहीत, नुसते आकडे. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, असे मोजत जायचे. मला पहिल्यांदा हे फार कोरडे वाटले. आमच्या गावी कुंभार गल्ली, सुतार गल्ली, गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला महारवाडा, त्याच्या पलीकडे मांगवाडा. माणसाने घर कुठे ते सांगितले की पुढचे विचारायला नको. राजारामपुरीत 'सहाव्या गल्लीत राहतो' म्हटले की समोरच्याला त्यापलीकडे काही कळत नसे. (जातींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांची नावे बदलायची असा निर्णय राज्य सरकारने 2020 च्या डिसेंबरात घेतला. आमच्या गावची पाटी बदलली. तोंडातले नाव अजून जात नाही.)

त्या आकड्यांच्या गल्ल्यांत मला एक मित्र मिळाला. त्याचे नाव इथे देत नाही, तो आज नातवंडांत रमलेला आहे. त्याचे वडील मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये राहून शिकले होते आणि सरकारी कचेरीत कारकून होते. ते बोर्डिंग 1908 साली शाहू महाराजांनी अस्पृश्य मुलांसाठी काढले, हे मला पुढे कळले. तेव्हा मला एवढेच ठाऊक होते की तो गणितात माझ्यापुढे आहे आणि विटीदांडूत मागे. आत्याकडे तो यायचा, सोप्यात बसायचा, आमच्याच तांब्यातले पाणी प्यायचा.

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणत असू. ते एकदा आम्हां दोघांना गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगत होते. गंगाराम महाराजांच्या पदरी नोकर. मराठ्यांच्या पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून इतर नोकरांनी त्याला मारला. महाराजांनी त्याला चहाचे हॉटेल घालून दिले. तिथे गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून त्याच्याकडचा चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. मामा ही गोष्ट रंगवून सांगत. मित्र मान खाली घालून ऐकत होता. मग आत्याने आम्हां दोघांना सारख्याच कपांतून चहा दिला. तो आमच्या सोप्यापलीकडे, स्वयंपाकघरात, कधीच आला नव्हता, हे मला कितीतरी वर्षांनी सुचले. आत्याने कधी अडवले नव्हते, पण आत येही म्हटले नव्हते.

1963 च्या नाताळच्या सुटीत त्याला गुऱ्हाळ बघायचे होते. मी त्याला गावी घेऊन गेलो. दिवसभर आम्ही फडात आणि गुऱ्हाळावर. चिपाडे ओढली, चुलवाणापुढे शेकत बसलो, काहिलीतला रस वर येऊ लागला की गुळव्या कसा हात चालवतो ते बघितले. काकवी ओंजळीत घेऊन चाटली. तिथे त्याला कुणी काही विचारले नाही, सगळ्यांचे हात कामात होते.

संध्याकाळी घरी आलो. आजी उंबऱ्याशी बसली होती.

"कुणाचं रं पोरगं?"

त्याने वडिलांचे नाव सांगितले.

"गाव कंचं?"

गाव सांगितले.

"गावात घर कुठंशी म्हणायचं?"

"ओढ्याच्या अंगाला, आजी. गावाभायेर."

आजी रागावली नाही. चांगल्या मायेने म्हणाली, "बस बाळा, दमला असशील. त्या तिकडं गोठ्यापाशी बस, तिथं वारं लागत न्हाई." माझ्या हातात घरातला कप आला. आजी चहाचे भांडे घेऊन गोठ्याशी गेली आणि देवळीकडे नुसती मान केली.

त्या मानेबरोबर मला सगळे एकदम दिसले. देवळी, म्हातारा, वरून ओतलेला चहा, धाकले मालक. आणि मित्र उठला, कपबशी काढली, पुढे धरली, चहा घेतला. पिऊन झाल्यावर बादलीतले पाणी न घेता आजीकडे बघितले. तिने वरून पाणी घातले. त्याने धुतली आणि पालथी ठेवली. कपबशी पालथी घालायची हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. माझ्या हातात माझा कप होता. मी उठून त्याच्याजवळ जाऊन बसू शकत होतो, एवढे तरी जमण्यासारखे होते. मी बसून राहिलो आणि चहा प्यालो. चहात गूळ जास्त झाला होता, तेही आठवते.

अस्पृश्यतेला गुन्हा ठरवणारा कायदा 1955 साली झाला होता. घटनेत तर त्याच्याही आधी लिहिलेले होते. तुम्ही म्हणाल, म्हातारीला कायदा काय ठाऊक! तिला नव्हता ठाऊक. पण मला गंगाराम कांबळेंची गोष्ट ठाऊक होती आणि ती मी त्याच्या शेजारी बसून ऐकली होती.

परत येताना एस.टी.त तो गुळव्याबद्दलच बोलत राहिला. मैत्री तुटली नाही, पण माझ्या गावी यायचे त्याने पुन्हा नाव काढले नाही. 1968 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली, तेव्हा गुरुजींनी वर्गात सांगितले की तिकडे काळ्या माणसांना हॉटेलात गोऱ्यांच्या शेजारी बसू देत नसत. सगळा वर्ग हळहळला. मीही हळहळलो. मग त्याच्या बाकाकडे बघितले, तर तो पेन्सिलीला टोक काढत होता.

आजी 1974 साली गेली. शेवटच्या आजारात तिला बघायला येणारी सरकारी दवाखान्यातली नर्स कोणत्या समाजाची, हे आजीने विचारले नाही. विचारायचे सुचले नाही की विचारायचेच नव्हते, कोण जाणे. घर दुरुस्तीला काढले तेव्हा गवंड्याने देवळी बुजवली. कपबशी कुठे गेली ते मी बघितले नाही.

परवा राजारामपुरीत त्याच्या घरी गेलो होतो. साठ वर्षे गिळलेली गोष्ट अखेर बोलून टाकली. म्हटले, त्या दिवशीच्या कपबशीबद्दल मला माफ कर. तो जरा हसला.

"कपबशीचं काय घेऊन बसलास? तसली कपबशी मी आमच्या गावातसुद्धा धूत होतो," तो म्हणाला. "तू म्हशीकडं बघत बसलास, तेवढं ध्यानात हाय माझ्या."

मला म्हैस आठवतच नव्हती. त्याच्या सुनेने चहा आणला. त्याने ट्रे माझ्यापुढे सरकवला आणि यंदा ऊस किती टन पडला ते विचारले.