अब्बांची हातगाडी

मुलांनो, विज्ञानाच्या तासाला तुम्ही ‘जमूद’ हा शब्द शिकता. मराठी माध्यमाची मुले त्यालाच ‘जडत्व’ म्हणतात. मी सावद्याला हा विषय शिकवतो. दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी विचारले, “जमूद म्हणजे काय?” साऱ्या वर्गाने व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. मी म्हणालो, “आता पुस्तक मिटा आणि आपल्या शब्दांत सांगा.” मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, जमूद म्हणजे गोठून बसणे. जागचे न हलणे.”

कोणी हसले नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटले, कारण बोलण्यातल्या उर्दूत जमूदचा अर्थ तोच आहे. मराठी शब्दही काही कमी फसवा नाही. ‘जड’ म्हटले की आपल्याला वजन आठवते, आणि जडत्व म्हणजे वजनच असे वाटू लागते. खरे सांगायचे तर हा धडा मला पुस्तकाच्या आधी घरातच मिळाला होता. तो विज्ञानाचा धडा आहे, हे मात्र फार उशिरा कळले.

सावदा म्हणजे केळीचे गाव. आजूबाजूच्या मळ्यांतून घड येतात, ट्रक भरले जातात. गावाबाहेरच्या स्टेशनातून केळी रेल्वेने थेट दिल्लीपर्यंत गेली आहेत. माझे अब्बा हातगाडी चालवत. आमच्याकडे तिला लोटगाडीही म्हणतात.

मी सातवीत होतो आणि भाईजान दहावीत. थंडीचे दिवस होते. गाडीवर घड रचलेले होते. सुरुवातीला आम्ही तिघांनी जोर लावला, तेव्हा कुठे ती हलली. एकदा चालू लागल्यावर मात्र अब्बा तिला एकट्याने, गप्पा मारत ढकलत होते. गल्लीच्या तोंडाशी एक लहान मूल अचानक रस्त्यात आले. अब्बा ओरडले. मी हुशारी दाखवायला पुढे धावलो आणि दोन्ही हात टेकवून गाडीसमोर उभा राहिलो. माझ्या मागे एका घराचा ओटा होता. गाडी माणसाच्या चालीनेच येत होती. इतकी हळू येणारी गाडी थोपवणे ते काय अवघड, असे मला वाटले.

ती थांबली नाही. भाईजाननी मला ओढून बाजूला केले आणि त्यांचाच पाय गाडी आणि ओट्याच्या मध्ये सापडला. मूल केव्हाच पळून गेले होते.

पाय मोडला. त्या वर्षी भाईजानची दहावीची परीक्षा हुकली. ती त्यांनी पुढेही दिली नाही. पाय बरा झाल्यावर ते अब्बांबरोबर गाडीवर जाऊ लागले आणि मी शिकत राहिलो. अब्बा मला रागावले नाहीत. रात्री फक्त एवढेच म्हणाले, “भरी गाडी के आगे नहीं आना, बेटा. पीछे से पकडना, और उसके साथ चलना.”

आता वही घ्या. माल आणि गाडी मिळून वस्तुमान ४०० किलोग्रॅम धरू, आणि वेग सेकंदाला १ मीटर. मागून धरून, तिच्याबरोबर चालत, ४ सेकंदांत ती थांबवायची तर सरासरी १०० न्यूटन बल पुरते. म्हणजे सुमारे १० किलोची पिशवी उचलून धरण्याइतका जोर. तीच गाडी ओट्यापाशी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर बल ४००० न्यूटन होते. चार क्विंटल माल पायावर ठेवल्यासारखेच ते झाले. गाडी तीच, वेग तोच. फरक फक्त वेळेचा.

तुमच्यापैकी कोणी विचारील की गाडी सुरू करताना जोर लागतो तो चाकांच्या घर्षणामुळे, त्यात जडत्व कुठे आले? प्रश्न चांगला आहे. सुरू करताना घर्षण आपल्या विरुद्ध असते, म्हणून दोष कुणाचा ते नीट कळत नाही. पण थांबवताना पाहा. तेव्हा घर्षण आपल्याच बाजूने असते, तेही गाडीला थांबवतच असते, आणि तरी ती पुढे जाते. वजन जमिनीने पेलले आहे, घर्षण मदतीला आहे; मग आपण झुंजतो कोणाशी? वस्तुमानाशी. चंद्रावर त्याच गाडीचे वजन सहावा हिस्साच भरेल. वस्तुमान मात्र ४०० किलोग्रॅमच राहील, आणि तिथेही मी तिच्यासमोर उभा राहणार नाही.

चालती वस्तू आपण होऊन थांबत नाही, हे माणसाला सहज उमगले नाही. १०३७ मध्ये वारलेल्या इब्न सीना यांनी लिहिले होते की फेकलेल्या वस्तूला एक ‘मैल’, म्हणजे कल, मिळतो आणि बाहेरून अडथळा आल्याशिवाय तो नाहीसा होत नाही. हा अजून आजचा नियम नव्हे, कारण ते या कलाला गतीचे कारण मानत. चालत राहायला कारणच लागत नाही, कारण लागते ते गती बदलायला, हे न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात नियम म्हणून मांडले.

त्या मुलीच्या उत्तरानंतर मी भाईजानना शाळेत बोलावले. ते गाडी घेऊन आले. पटांगणात आम्ही तिच्यावर विटा रचल्या. मुलीने मागची दांडी धरली, गाडी चालू झाली आणि तिने एकदम पाय रोवले. ती फरफटत पुढे गेली. भाईजान म्हणाले, “उसके साथ चलो, बेटी.” ती पाच-सहा पावले मागे रेलून चालली आणि गाडी थांबली.

भाईजाननी सवयीने चाकाखाली विटेचा तुकडा सरकवला आणि मला विचारले, “याला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात?”

“जमूद,” मी म्हणालो.

“जमूद?” भाईजान म्हणाले. “ती तर चालत होती!”