साखरेचे पाणी

सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा दोन महिन्यांवर आली, की जांघ धरून दवाखान्याची पायरी चढणारे तरुण मला दिसू लागतात. कारण सात नंदीध्वजांपैकी एखादा पेलण्याचा मान घराण्यात पिढीजात असला, तरी त्या उंच काठीचा तोल सांभाळताना मांड्यांवर पडणारा ताण काही वारसाहक्काने हलका होत नाही. "सुई मारा की डॉक्टर, संक्रांतीला काठी पेलायचीय," असा तगादा लावणाऱ्या अशाच एकाला मी उताणे निजवले, त्याचा गुडघा वाकवून बाहेरच्या अंगाला कलता केला, आणि मांडीच्या आतून जघनास्थीकडे जाणारी कंडरा दोरीसारखी ताठ उभी राहताच तिच्या मुळाशी अंगठा नेला. पोराने ओठ चावला, जागा सापडली.

सुईतून घालावे काय, हा खरा पेच. कॉर्टिसोन आणि बधिरतेचे औषध एकत्र दिले, तर वेदना पाच मिनिटांत पळते. परंतु इंग्लंडमधील 2007 सालच्या दाखल्याप्रमाणे, एमआरआयमध्ये कंडरेच्या मुळाशी विकृती आढळलेल्या 17 खेळाडूंपैकी 16 जणांकडे ती वेदना सरासरी पाच आठवड्यांत पुन्हा रुजू झाली. अर्जेंटिनात 2005 साली साखरेच्या पाण्याच्या, म्हणजे डेक्स्ट्रोजच्या, सुईने 24 खेळाडूंपैकी 20 जण वेदनामुक्त झाले खरे, पण ताडून पाहण्यास दुसरा गट नव्हता. मी 25 टक्के डेक्स्ट्रोज आणि बधिर करणारे 1 टक्का लिग्नोकेन समभाग घेतले, हा प्रयोग आहे असे त्याला स्पष्ट बजावले, आणि सुई दिली. शिवाय घरची सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून गुडघ्यांमध्ये तीस सेकंद दाबायची, असे दहा वेळा, हेही फर्मावले. कारण डेन्मार्कमध्ये 1999 साली अशा व्यायामांनी 29 पैकी 23 खेळाडू पूर्ववत खेळू लागले होते, आणि नुसत्या मालिशीसारख्या, स्वतः व्यायाम न करता घ्यायच्या उपचारांनी 30 पैकी अवघे 4.

माझ्या नोंदवहीत सुईचे यश फार दिसते. फिरून न आलेल्यांना मी बरे झालेल्यांच्या रकान्यात घालीत आलो, ही त्या जमाखर्चातील मखलाशी मला वयाच्या पन्नाशीत कळली.

पोराने काठी पेलली. पुढच्या वर्षी तो चुलत्यांना घेऊन आला, "ह्यांनाबी तीच सुई द्या," म्हणाला. चादरीचे विचारले, तर हसला.

"ती व्हय? चार दिवसांतच आजीनं पांघरायला नेली."

त्याच्या नावापुढचा रकाना मी खोडला. तेथे काय लिहावे, ते अजून ठरलेले नाही.